बागेच्या नळाचं पाणी

पर्यावरण अधिकारी म्हटलं की लोकांना झाडं लावणारी बाई आठवते. पाच जूनला कुंडीत रोप, शेजारी साहेब आणि एक फोटो. माझं काम तेवढंच असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पळसबन ग्रुपची दोन हॉटेलं आहेत. एक जळगावला नशिराबादकडे जाणाऱ्या हायवेवर, दुसरं धुळ्याला बायपासच्या कडेला. दोन्हीकडे वीज किती जळली, पाणी किती उपसलं, त्यातलं किती परत वापरलं, अन्न किती उरलं, प्लास्टिक किती आलं, कुणाचा हात भाजला, कुणाचा पाय घसरला, हे सगळं एका पद्धतीने मोजायचं आणि दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा बरं करून दाखवायचं. याला एकात्मिक व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. हे नाव घेताना मला फार ऐट वाटायची. आई विचारायची, म्हणजे तू तिथे नेमकं करतेस काय गं, आणि मी तिला नीट सांगायचेसुद्धा नाही.

मी जळगावजवळच्या असोद्याची. वडील पाणीपुरवठ्यात फिटर होते, त्यामुळे पाण्याचं वेड घरातलंच. एम. एस्सी. झाले आणि सहा वर्षांपूर्वी पळसबनमध्ये लागले. ग्रुपचं मॅन्युअल, एकशे चाळीस पानांचं, मी एकटीने लिहिलं. कुठलं काम कुणी, कधी, कसं करायचं याची त्यात एकेक ओळ आहे. मालकांचे धाकटे भाऊ योगराज सगळा कारभार बघतात. ते पाहुण्यांसमोर ते मॅन्युअल हातावर तोलून दाखवायचे आणि म्हणायचे, हे आमच्या शिल्पाचं. मी लाजल्यासारखं करायचे.

धुळ्याच्या हॉटेलमागे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. खोल्यांचं, धुलाईचं, स्वयंपाकघराचं पाणी तिथे येतं, टाक्यांमध्ये हवा खेळवून, गाळून ते स्वच्छ होतं आणि बागेला जातं. प्लांट वाल्मीक आबा चालवायचे. वय अठ्ठावन्न. हॉटेल नुसतं धाबा होतं तेव्हापासूनचा माणूस. तेव्हा त्यांच्याकडे पाण्याचं काम होतं. रांजण घासायचे, भरायचे, पेले विसळायचे. धाब्यावरचं पाणी इतकं निर्मळ असायचं की ट्रकवाले मुद्दाम तिथे थांबायचे, असं ते सांगत. पुढे प्लांट आला, आणि पाण्याचा माणूस म्हणून आबांनाच त्यावर बसवलं. टाक्यांच्या काठावर शेवाळाचा ठिपका दिसायचा नाही, इतका तो प्लांट लखलखीत असायचा.

शुद्ध केलेल्या पाण्याचा नमुना दर महिन्याला जळगावच्या लॅबमध्ये जायचा. लॅब पूर्वी स्वतःच्या निर्जंतुक केलेल्या, सीलबंद प्लास्टिकच्या बाटल्या पाठवायची. एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. गेल्या वर्षी प्लास्टिक कमी करायचं ठरलं आणि माझा डोळा त्या बाटल्यांवर गेला. मी काचेच्या बाटल्या घेतल्या. जळगावच्या बाटल्या लॅबमध्येच उकळून निघत. धुळ्याच्या मात्र गाडीने परत जात आणि तिथेच भरल्या जात. त्या लॅबने निर्जंतुक केलेल्या असतात असं मी धरून चालले होते, आणि हॉटेल करतं असं लॅबने धरलं होतं. मॅन्युअलमध्ये मी नवी ओळ घातली: नमुन्याची बाटली स्वच्छ धुवून भरावी. त्या वर्षीच्या अहवालात प्लास्टिकच्या आकड्याखाली या बदलाचं वेगळं कौतुक आहे, तेही मीच लिहिलेलं.

काचेच्या बाटल्या आल्यापासून धुळ्याचा रिपोर्ट शून्य येऊ लागला. मैल्याच्या पाण्यातले जंतू, शून्य. जळगावचा कधी शून्य आला नव्हता, कुठल्याच प्लांटचा सहसा येत नाही. एखाद्या महिन्यात आला तर शंका घ्यावी, ओळीने सहा महिने आला तर पळत जाऊन बघावं. मी पेढे वाटले. फेब्रुवारीत तर त्याहून मोठं काम केलं. पाणी इतकं चांगलं येतंय तर हवा खेळवणारं यंत्र अठरा तास कशाला चालवायचं, म्हणून ते दहा तासांवर आणलं. विजेचा आकडा खाली आला, योगराजभाऊ खूश झाले. मार्चचा रिपोर्टही शून्यच आला, म्हणजे माझंच बरोबर ठरलं.

त्याच मार्चमध्ये रुपलीने मला विचारलं.

रुपली आणि तिचा नवरा तेरसिंग हे दोघं चोपड्याच्या वरच्या अंगाचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे. पावसावरची शेती संपली की तिथली माणसं खाली उतरतात, तसे हे तीन वर्षांपूर्वी उतरले आणि आमच्या बागेवर टिकले. तेरसिंग लॉन आणि झाडं बघायचा. रुपली सकाळी झाडलोट आणि लग्नसराईत मोठ्या हॉलची आवराआवर करायची. राहायला हॉटेलमागच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यांची मुलगी सरिता तीन वर्षांची. आईवडील कामावर गेले की ती खोलीच्या दारात बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाव विचारायची. मला तिने निदान वीस वेळा विचारलं असेल, आणि मी दर वेळी सांगितलं.

रुपली आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. घरात पावरी बोलायची, आमच्याशी मात्र धड्यातल्यासारखी शुद्ध मराठी. त्या मार्चमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं होतं. हॉटेलला टँकर सुरू झाले, आणि मागच्या पत्र्याच्या खोल्यांच्या नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येऊ लागलं. बागेचा नळ तेवढा चोवीस तास चालू. मी प्लांटवर आबांजवळ उभी होते. रुपली कळशी घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम, बागेच्या नळाचं पाणी घरात वापरलं तर चालेल का. माझ्या हातात नुकताच आलेला रिपोर्ट होता. मी तो तिच्यापुढे धरला, जणू तिला त्यातलं कळणार होतं, आणि सांगितलं की वापर, पाणी चांगलं आहे.

प्यायला नको, असं मी म्हणाले की नाही? म्हणाले होते, अशी मी पुढे कित्येक दिवस स्वतःची समजूत घालत होते. माझ्या कानात ते शब्द माझ्याच आवाजात ऐकूही यायचे.

एप्रिलच्या अखेरीस धुळ्यात एक मोठं लग्न झालं. पारा चव्वेचाळीसवर. जेवणं उरकली आणि उरलेलं अन्न नियमाप्रमाणे तोलून खताच्या मशीनकडे चाललं. उरलेलं कुणी खायचं नाही, बाहेर न्यायचं नाही, हाही नियम माझाच. पूर्वी कामगार डबे भरून नेत. विषबाधा झाली तर नाव हॉटेलचं जाईल, म्हणून मी ते बंद केलं. रुपलीने त्या दुपारी पातेल्याच्या तळाची रबडी वाटीभर काढून घेतली आणि सरिताला दिली. पोरीने रबडी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. दोन दिवसांनी तिला जुलाब लागले, तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले. तेरसिंगने तिला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे सलाइन लावेपर्यंत तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरिता गेली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाल्लं. रुपलीने खरं ते सांगितलं. काय प्यायली, हे तिला कुणीच विचारलं नाही.

हॉटेलच्या आवारात असं काही घडलं की घटना-अहवाल लिहायचा असतो. मी जळगावहून धुळ्याला गेले आणि तो लिहिला. मूळ कारण, असा एक रकाना असतो त्यात. मी लिहिलं: कामगार महिलेने नियम मोडून उरलेला दुधाचा पदार्थ घरी नेला, उष्णतेमुळे तो खराब झाला असावा. तीच रबडी दोनशे पाहुण्यांनी खाल्ली होती आणि कुणाचं पोटसुद्धा बिघडलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तीन तास पातेलं उघड्यावर होतं, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. अहवाल सगळ्या कामगारांना वाचून दाखवायचा, म्हणजे पुन्हा असं होत नाही, हाही माझाच नियम. मी वाचला. तेरसिंग खाली बसून ऐकत होता. वाचून झालं तसा तो उठला आणि रुपलीकडे न बघता निघून गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. आठवड्याने त्याने तिला चोपड्याच्या बसमध्ये बसवलं आणि तिच्या आईकडे पाठवलं. पोरीला बाहेरचं खाऊ घालून मारणारी बाई मला घरात नको, असं त्याने पाड्यावर निरोप देऊन कळवलं.

मला वाईट वाटलं. पण तेव्हा मला वाईट वाटलं ते चांगल्या माणसाला वाटतं तसं, लांबून.

मेच्या मध्यावर बाहेरच्या ऑडिटची तयारी सुरू झाली. दोन्ही हॉटेलांना मिळून प्रमाणपत्र मिळणार होतं, तारीख अठ्ठावीस. ऑडिटर येण्याआधी सगळं एकदा स्वतः तपासावं म्हणून मी धुळ्याला गेले. नमुन्याचा दिवस होता. आबांना म्हटलं, नेहमी करता तसंच करा, मी नुसती बघते.

आबांनी गाडीतून आलेली बाटली काढली. आधी राखेने घासली, मग साबणाने. मग डब्यातून मूठभर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, बाटली त्या पाण्याने भरून ठेवली, हलवली, ओतली. आतून वास येत होता. वर एक चिमूट पूड तळाला टाकली, कशासाठी तर वाटेत बाटलीला कुबट वास धरू नये म्हणून. मग ती बागेच्या नळाखाली धरली आणि काठोकाठ भरली. मी विचारलं, दर वेळी असंच करता का. आबा हसले.

"बाटली कशी लखलखीत जोयजे, ताई. जळगावले सायबना हातमा जास ती."

ज्या पुडीने विहिरीतले जंतू मारतात ती पूड आबा इतके महिने बाटलीत टाकून पाठवत होते. पाण्यातले जंतू जळगावला पोचेपर्यंत मरत होते. लॅब शून्य लिहीत होती. त्या शून्यावर मी यंत्राचे तास कमी केले होते, आणि त्याच शून्याचा कागद रुपलीच्या तोंडापुढे धरला होता.

मी आबांना काही सांगितलं नाही. पर्समध्ये लॅबची एक जुनी सीलबंद बाटली होती, तीत त्याच नळाचं पाणी भरलं आणि दोन्ही बाटल्या बर्फात घालून स्वतः जळगावला आणल्या. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता त्या मांडीवर धरून बसले होते. तीन दिवसांनी रिपोर्ट आले. आबांच्या बाटलीत शून्य. दुसऱ्या बाटलीपुढे आकडाच नव्हता, मोजण्यापलीकडे, एवढंच होतं. त्याच तासाला मी धुळ्याला फोन करून बागेचा नळ बंद करायला लावला आणि यंत्र चोवीस तास चालू केलं. कारण सांगितलं, दुरुस्ती.

मग मी आबांना फोनवरच विचारलं, मार्चमध्ये रुपलीला मी नेमकं काय म्हणाले होते, आठवतं का. त्यांना सगळं आठवत होतं.

"पेवानं नाव तुम्ही काढंच नही, ताई. पाणी चांगलं शे, इतलंच सांगं."

त्यानंतर माझ्या कानातला, प्यायला नको म्हणणारा तो आवाज बंद झाला.

योगराजभाऊंपुढे मी दोन्ही रिपोर्ट ठेवले. रबडीचा अहवाल खोटा आहे, पोरगी पाण्याने गेली आणि ते पाणी वापरायला मी सांगितलं, असं सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा वाचले. मग म्हणाले की प्रमाणपत्राच्या भरवशावर दोन मोठ्या कंपन्यांची कामं येणार आहेत, दोन्ही हॉटेलांत मिळून सव्वाशे घरं चालतात, नळ तर तू बंद केलाच आहेस, आता पुढे कुणाचं नुकसान होणार नाही. "फक्त अठ्ठावीस तारखेपर्यंत थांब, शिल्पा. मग तू म्हणशील ते करू."

त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. बागेवरच्या दुसऱ्या माळ्याने सांगितलं होतं की बुद्धपौर्णिमेच्या दिवशी पाड्यावर पंच बसणार आहेत. तेरसिंगने रुपलीला कायमचं सोडायचं ठरवलं होतं. पंचांनी हो म्हटलं की संपलं. पौर्णिमा तेवीसला होती. म्हणजे तेवीसच्या आत जाऊन पंचांपुढे खरं सांगितलं असतं, तर रुपलीचं घर राहिलं असतं. अठ्ठावीसपर्यंत थांबले तर नाही. इतकं साधं होतं ते. पाच दिवसांचं अंतर.

मी थांबले.

सव्वाशे घरांसाठी थांबले, असं म्हणायला मला आवडेल. त्यात ते होतंही थोडं. पण खरं म्हणजे मला ते मॅन्युअल वाचवायचं होतं. सहा वर्षांची मेहनत, माझं नाव, भाऊंनी हातावर तोललेलं ते जाडजूड काहीतरी. पौर्णिमेच्या संध्याकाळी असोद्याच्या विहारात मी आईशेजारी पांढरी साडी नेसून बसले होते. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही. आईने वळून बघितलं. तिला वाटलं, घसा बसलाय. घरी आल्यावर तिने खिरीआधी हळद घालून दूध दिलं, आणि मी ते मुकाट्याने प्यायले.

त्याच दिवशी पाड्यावर पंच बसले आणि उठले. तेरसिंगची सुटका झाली.

ऑडिट चांगलं झालं. ऑडिटर सभ्य गृहस्थ होते, त्यांनी प्लांटच्या स्वच्छतेची मुद्दाम तारीफ केली. एकोणतीसला सकाळी मी भाऊंकडे गेले आणि म्हटलं, आता. त्यांनी शब्द पाळला, म्हणजे त्यांच्या पद्धतीने पाळला. घटनेचा दुरुस्त केलेला नवा अहवाल निघाला. मूळ कारणाच्या रकान्यात मी माझं नाव आणि मॅन्युअलची ती ओळ लिहिली होती. वरून सही होऊन आला तेव्हा तिथे लिहिलं होतं: ऑपरेटरकडून नमुना घेण्याच्या पद्धतीत चूक, ऑपरेटरला प्रशिक्षण द्यावे.

प्रशिक्षण मलाच द्यायचं होतं. मी आबांना प्लांटवर बसवून सगळं समजावलं, पुडीचं, जंतूंचं, शून्याचं. सरिताचं नाव मी घेतलं नाही. त्यांनी स्वतःच घेतलं. हातातल्या फडक्याच्या ते कितीतरी वेळ घड्या घालत राहिले.

"मी त चांगलं कराले गवू, ताई."

मी म्हटलं, आबा, चूक माझी आहे, धुवून भरा असं मीच लिहिलं होतं. पण त्यांना वाचता येत नव्हतं. मी काय लिहिलं होतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, बाटली त्यांनी धुतली होती. चार दिवसांनी त्यांनी काम सोडलं. आता ते मुलाकडे राहतात आणि घरातलं प्यायचं पाणी भरत नाहीत, दुसऱ्याला भरायला लावतात, असं ऐकलं.

तेरसिंगला गाठायचं म्हटलं, तर तो गुजरातेत कुठे कामाला गेला होता, फोन लागत नव्हता. रुपलीकडे जाणं भाग होतं. दोन जूनला मी जळगावहून निघाले. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली, धानोरा, अडावद, चोपडा. तिथून पुढे एका जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं आणि शेवटचे दोन कोस चालत. डोंगर समोर भाजून तांबडा झाला होता. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. तुझा काही दोष नाही, असं एक वाक्य मी शंभरदा म्हणून बघितलं. मला वाटत होतं, हे ऐकल्यावर ती रडेल, मला शिव्या देईल, कदाचित मारेलही. पण तिच्या डोक्यावरचं ते ओझं तरी उतरेल. त्यासाठी शिव्या खायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

रुपली घरापुढच्या मांडवात चारोळ्या फोडत बसली होती. एक दगड खाली, एक हातात. मला बघून उठली, बाज टाकली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. आल्यागेल्याला आधी पाणी देतात, तसं. मी तांब्या हातात घेऊन आतल्या पाण्याकडे बघितलं. ती म्हणाली, झऱ्याचं आहे मॅडम, प्या. मी प्यायले.

मग मी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. बाटलीचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं, रिपोर्टचं सांगितलं. मी वाचून दाखवलेला कागद खोटा होता, हे सांगितलं. पौर्णिमेच्या आधीपासून मला सगळं माहीत होतं आणि तरी मी आले नाही, हेही सांगितलं. रबडीत काही नव्हतं, तुझ्या मुलीला पाण्याने नेलं, तुझा काही दोष नाही.

ती ऐकत होती. दगडाखालची चारोळी फुटून तशीच पडली होती. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. वर्गात उभं राहून विचारतात तसं तिने विचारलं, "पाणी कधीपासून खराब होतं, मॅडम?"

मी म्हटलं, फेब्रुवारीपासून.

"आम्ही मार्चपासून भरलं." ती बोटांवर काही मोजू लागली, मोजता मोजता थांबली. मग बोलली ते सावकाश, एकेक शब्द ठेवत. "इथे सगळे म्हणतात, मी रबडी दिली म्हणून ती मेली. तेरसिंगही म्हणाला. मला वाटायचं, असू दे. मरायच्या आधी तिने एकदा गोड खाल्लं. वाटी चाटून चाटून खाल्ली, मॅडम. पुन्हा मागत होती. ते आठवून मला झोप लागायची."

तिने दगडाखालची फुटलेली चारोळी वेचली.

"रबडी एकदाच दिली होती. पाणी मी तिला रोज पाजलं. नको म्हणायची, वास येतो म्हणायची, तर मी दटावून पाजायचे. मॅडमनी सांगितलंय, चांगलं आहे."

मी म्हटलं, दोष माझा आहे, रुपली. तिने मान हलवली, हो म्हणून. मग पुन्हा खाली बसली, दगड हातात घेतला, आणि चोपड्याची शेवटची जीप चारला सुटते, आता निघालात तर मिळेल, असं मला सांगितलं.